सगळ्यांच्या सोयीचं

आमच्या घरात माझी एक गोष्ट फार कौतुकानं सांगितली जाते. थोरली आजारी पडली, धाकटी तिच्या सोबतीला आली, थोरली गेली, तिच्या लेकराला सोडून धाकटीचा पाय निघेना, म्हणून ती इथलीच झाली. नव्या सुनेला ही गोष्ट पहिल्या आठवड्यातच ऐकवतात. मी तिथंच डाळ निवडत बसलेली असते आणि सून माझ्याकडं अशा भक्तिभावानं बघते की उठून तिला एक ठेवून द्यावीशी वाटते. माझा पाय निघत होता. चांगला निघत होता. कुणी निघू दिला नाही.

आता अडवणारं कुणी उरलेलं नाही, म्हणून झालं तसं सांगते.

आमचं माहेर चकलांब्याकडचं. अक्काला दिलं होतं केजच्या पलीकडच्या एका खेड्यात, आमच्या सख्ख्या आत्याच्या घरी. बैलगाडीनं जायचं तर वाटेत लिंबागणेशच्या देवळात मुक्काम पडायचा. सगळा मुलूख निजामाचा, आमची माणसं त्याला मोगलाई म्हणत. भावाची लेक सून करून घ्यायची ही आमच्याकडची जुनी रीत. बहिणीचं माहेर तुटत नाही आणि लेकीला सासू परकी मिळत नाही. आत्या वाईट बाई नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून कुणीतरी तिला कैदाशीण ठरवील, आणि मग बाकीचे सगळे सुटतील. तिनं अक्काला कधी उपाशी ठेवलं नाही, अंगावर हात टाकला नाही. सणाला लुगडं घेतलं तर आधी सुनेला, मग स्वतःला.

मी अक्काच्या पाठची, आम्ही दोघीच बहिणी. माझं लग्न दहाव्या वर्षी ठरलं होतं, कुंकूही लागलं होतं. मग गाठीच्या तापाची साथ आली आणि तो मुलगा गेला. मी त्याचं तोंडसुद्धा पाहिलेलं नव्हतं. पण पांढऱ्या पायाची हे नाव माझ्यामागं लागलं ते लागलं. पंधरावं सरत आलं तरी मी बापाच्या घरात होते, आणि त्या काळी ही गोष्ट घरात मेलेलं जनावर ठेवल्यासारखी होती. दादांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, लोकांच्या लग्नाला जाणं सोडलं होतं. गेलं की कुणीतरी विचारायचंच.

अक्काचं पहिलं बाळंतपण आमच्याकडं झालं, मुलगा झाला. दुसरं रीतीप्रमाणं सासरी. ते मूल पाचवीच्या आतच गेलं आणि अक्काला थंडी भरून ताप येऊ लागला. दिवसाआड यायचा. आत्याचा निरोप आला की घरात सुगीची घाई आहे, धाकटीला सोबतीला धाडा. गावातली एक गाडी त्या बाजूला निघालीच होती, तिच्यात मला बसवून दिलं. मला आनंद झाला होता. घरातल्या घरात तोंड लपवून बसण्यापेक्षा बहिणीचं घर बरं.

अक्का माजघरात बाजेवर होती. मला बघून म्हणाली, मला वाटलं दोन हातांचं माणूस धाडतील. मी कामाची आळशी, हे सगळ्या भावकीला माहीत होतं. ती अशीच बोलायची. ताप नसेल त्या दिवशी भिंतीला टेकून बसायची, मी थापलेल्या भाकरीला नावं ठेवायची, लेकराला मांडीवर घ्यायची. ताप आला की घरातल्या सगळ्या वाकळा अंगावर टाकल्या तरी तिचे दात वाजायचे आणि मग घामानं बाज भिजायची. ती मरणाच्या वाटेवर आहे असं मला वाटलं नाही. तिलाही वाटत नव्हतं, कारण तिला उपाय ठाऊक होता.

पोलीस नाक्यावरच्या एका जवानाच्या बायकोला असाच दिवसाआडचा ताप आला होता. नवऱ्यानं तिला मोमिनाबादच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं कसलीशी कडू पांढरी पूड दिली आणि बाई पंधरवड्यात विहिरीवरून घागरी आणायला लागली. हे अक्कानं तिच्याच तोंडून ऐकलं होतं. अक्काच्या गावाहून मोमिनाबाद म्हणजे गाडीनं एका दिवसाची वाट. अक्का एवढंच मागत होती. गाडी जुंपा आणि मला मोमिनाबादला न्या.

आत्या म्हणायची, नेऊ की, पण बैल खळ्यावर आहेत. आणि ते खरं होतं. ज्वारीची मळणी चालली होती आणि अवकाळी आभाळ येऊन जात होतं. दाजी, म्हणजे अक्काचा नवरा, म्हणायचे, मायला विचार. सज्जन माणूस. सज्जन म्हणजे आईसमोर तोंड न उघडणारा. आत्याला विचारलं की ती म्हणायची, परका पुरुष अंगाला हात लावणार, नवऱ्याचं मन घेतलं पाहिजे. नवऱ्याचं मन विचारावं तर ते पुन्हा आईकडं. मग दोघांचं एका गोष्टीवर जमलं. सून आमची असली तरी लेक भावाची आहे, उद्या काही कमीजास्त झालं तर बोल नको, तेव्हा भावाला येऊ द्या. हेही खरंच होतं. त्या घरात माझ्याशी कुणी एक शब्द खोटा बोललं नाही, याचा मला अजून राग येतो. खोटं बोलले असते तर धरता आलं असतं.

दादा आले. रिकामी गाडी घेऊन आले होते. मला वाटलं, झालं, आता ह्याच गाडीत अक्काला घालायचं. मी तिची वेणी घातली, धुतलेलं लुगडं काढून ठेवलं, वाटेत लागेल म्हणून भाकरी बांधली. अक्कानं लेकराला जवळ घेऊन सांगितलं, मावशीला त्रास द्यायचा न्हाई, मी आलेच.

ओसरीवर बहीणभाऊ बोलत बसले होते. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले तर लेकरू माझ्या पायाला मिठी मारून मागं मागं आलं. आत्या हसली. म्हणाली, माय मरो अन् मावशी उरो म्हणतात ते उगाच न्हाई. ही म्हण आमच्याकडं उठताबसता वापरतात, मावशीला लेकरू चिकटलं की कुणीही म्हणतं, त्यात कुणाच्या मरणाचा विचार नसतो. दादाही हसले. मग हसणं थांबवून दोघांनी माझ्याकडं बघितलं. बाजारात खोंडाकडं बघतात तसं आधी एकदा वरवर, आणि मग नीट. मला तेव्हा काही समजलं नाही. उगाच पदर सारखा करत मी आत आले.

त्यानंतर ओसरीवरचं बोलणं हळू झालं. दुपारी दादा माजघराच्या दारात येऊन उभे राहिले. अक्काला म्हणाले, सुगी उरकू दे, आता हलवायचे हाल नकोत, अंगात ताकद आली की नेऊ. अक्का म्हणाली, ताकद येत न्हाई म्हणून तर न्यायचं. त्यावर ते गाडीकडं निघून गेले.

माहेराकडं त्या साली पाऊस झाला नव्हता, वैरणीची टंचाई होती. आत्यानं भावाला कडबा दिला. दाजींनी आणि दादांनी मिळून गाडी भरली, पेंढ्या चांगल्या दाबून, वर दोर आवळून. अक्का बाजेवरून चाकांचा आवाज ऐकत होती. मला म्हणाली, गेली का गं गाडी. मी म्हणाले, गेली. काय घेऊन गेली, हे तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलंही नाही. बांधलेली भाकरी संध्याकाळी आम्ही दोघींनी खाल्ली.

आता एक रीत सांगायला हवी, कारण आजकालच्या पोरींना ती ठाऊक नसते. पहिली बायको मेली आणि माणसानं दुसरी केली, तर त्या दुसरीनं पहिलीच्या नावाचा टाक गळ्यात घालायचा. चांदीचा चपटा तुकडा असतो, त्यावर बाईची मूर्ती ठोकून उठवलेली. डोरल्याच्या दोऱ्यातच तो ओवतात. गेलेली सवत रुसू नये, नवीच्या लेकराबाळांना त्रास देऊ नये म्हणून तिला असं गळ्याशी सांभाळायचं. हळदकुंकू आधी तिला, नवं लुगडं आधी तिला, सणाचा घास आधी तिला. टाक लग्नाच्या आधी करून ठेवावा लागतो, कारण डोरलं बांधताना तो लागतोच.

आमच्या गावात सोनार नव्हता. फिरता सोनार सुगीत यायचा, तेव्हा घराघरात धान्य असतं. गावाच्या सगळ्या मोडक्यातोडक्याचं काम करून, मापानं ज्वारी घेऊन तो जायचा तो दसऱ्यापर्यंत दिसायचा नाही. त्या साली तो पिंपळाखाली बसला होता आणि आत्यानं घरातलं काय काय त्याच्याकडं दिलं होतं.

एका सकाळी तो माल द्यायला घरी आला. आत्या आणि दाजी खळ्यावर होते. मी लेकराला कडेवर घेऊन ओसरीवर गेले. त्यानं फडकं सोडलं आणि एकेक वस्तू माझ्या हातात दिली. हा तुमच्या देवाचा टाक, उजळून दिलाय. हा लेकराचा करदोडा. आणि ही सवत. मग त्यानं विचारलं, घालणारीण कोण आहे, बोलवा तिला, दोरा गळ्याच्या मापानं ओवून देतो.

मी त्या तुकड्याकडं बघतच राहिले. आतून अक्काची हाक आली, काय आलंय बघू.

सोनारानं मला हळूच विचारलं, आत कोण आहे. मी म्हणाले, दाजींची बायको. तो माणूस पांढरा पडला. त्यानं फडकं गोळा केलं आणि ज्वारी न घेताच खाली उतरून गेला. बिचाऱ्याला वाटलं होतं की घरातली सून कधीच गेली असेल. जिवंत बाईचा टाक करायला त्याला आजवर कुणी सांगितलं नसणार.

मी टाक मुठीत धरून आत गेले. लपवायचा विचार केला होता, पण अक्का माझ्यापेक्षा हुशार. तिनं हात पुढं केला. मी दिला. दारातल्या उजेडाकडं धरून तिनं तो बराच वेळ बघितला. मग म्हणाली, "नाकात नथ काढलीया बघ. मला कुठं नथ हाय? मेल्यावर मिळत आसंल."

मी रडायला लागले. ती रडली नाही. तिनं टाक माझ्या हातात परत ठेवला, माझी मूठ मिटली आणि म्हणाली, जा, जिथं ठेवायचाय तिथं ठेव.

आत्या खळ्यावरून आली तेव्हा मी तिच्या अंगावर धावूनच गेले. तोंडाला येईल ते बोलले. शेजारच्या बायका भिंतीवरून डोकावल्या. आत्यानं मला बोलू दिलं, पाय धुतले, पदराला हात पुसले. तिच्या तोंडावर लाज नव्हती, राग नव्हता. दमलेली दिसत होती, एवढंच. म्हणाली, "सोनार दसऱ्याबिगर येत न्हाई गं. तिचं काय झालंच तर सवा महिन्यानं त्याला कुठं शोधायचा? आन ती बरी झाली तर तिलाच मोडून जोडवी करू."

तिनं ते अगदी मनापासून सांगितलं. संसारी बाईचा हिशेब होता तो. झालं तर हे, न झालं तर ते, चांदी काही वाया जात नाही. टाक तिनं देव्हाऱ्याखालच्या डब्यात तांदळात घालून ठेवला. मला मात्र त्या दिवशी ओसरीवरचं ते बघणं उमगलं. कडबा उमगला. अक्काला मोमिनाबादला न्यायचं की नाही हे ज्यांनी ठरवायचं, त्यांच्यातल्या प्रत्येकाची ती न जाण्यात सोय होती. आत्याला घरातलीच दुसरी सून मिळत होती, नातवाला मावशी मिळत होती. दाजींना पोरगी शोधत हिंडायला नको होतं. दादांच्या मानेवरचा धोंडा उतरत होता. तिनं मरावं असं यांच्यातल्या एकाच्याही मनात आलं नसेल, मी शपथेवर सांगते. पण ती जगावी म्हणून खळ्यावरचे बैल सोडावेत, एवढी कुणाला घाई नव्हती.

राहिली आमची माय. मी मायची वाट बघू लागले. अक्काला आता रोजच ताप येत होता, डोळे पिवळे झाले होते, पोट टणक लागत होतं. पुन्हा निरोप गेला आणि माय आली. दादा तिला सोडून कामासाठी केजला गेले, उद्या येतो म्हणाले. मी मायला गोठ्यामागं नेऊन सगळं सांगितलं, टाक आणून दाखवला. ती तोंडात पदर घालून रडली. मी तिला म्हणाले, मी दाजींशी लग्न करणार नाही, विहीर जवळ करीन, तेव्हा आता हिला मारून कुणाचा फायदा नाही, न्या तिला. मायनं माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाली, हळू बोल, ऐकतील. मी म्हणाले, ऐकावं म्हणूनच बोलतेय.

मग ती अक्काजवळ जाऊन बसली, पाय चेपू लागली. मी दारात उभी होते. अक्कानं शेवटचं मागणं मागितलं ते मी माझ्या कानांनी ऐकलं. ती म्हणाली, माय, दादा उद्या येतील तेव्हा तू सांग, तू सांगितलंस तर ते बैल फिरवतील. मायनं मान वळवली आणि दारातल्या मला वरपासून खालपर्यंत बघितलं. पुष्कळ वेळ. एक लेक बाजेवर होती आणि दुसरी दारात, आणि दोघींपैकी एकीलाच हे घर मिळणार होतं. ते सगळं मला तिच्या तोंडावर दिसत होतं. मग ती पुन्हा पाय चेपू लागली आणि म्हणाली, "आमुश्या जाऊ दे बाई. मग नेऊ."

अक्का हसली. "माय, आमुश्या परवाच झाली," म्हणाली.

मायनं पाय चेपणं थांबवलं नाही. अक्का त्यानंतर मोमिनाबादचं नाव बोलली नाही. पाणी मागायची, लेकराला मागायची. बाकी सगळ्यांचा मला राग आहे, पण मायचा सगळ्यात जास्त आहे, कारण माझा भरवसा तिच्यावर होता. ती मेली तेव्हा मी रडले, पण तेव्हासुद्धा तो राग निवलेला नव्हता. लोक म्हणतील, हिला स्वतःचंच मन खात असेल. नाही खात. मी पंधरा वर्षांची पोर होते, ओरडायचं तेवढं ओरडले होते.

अक्का गेली तेव्हा खळं उरकलं होतं. ज्वारी पेवात गेली होती आणि बैल गोठ्यात बसून रवंथ करत होते.

आत्यानं जमिनीवर डोकं आपटून घेतलं, दाजी लहान लेकरासारखे रडले, दादांना दोघांनी धरावं लागलं. ते रडं खोटं नव्हतं. सुतक फिटलं आणि वैशाखातच माझं लग्न झालं. मला कुणी विचारलं नाही, आणि मी विहीरही जवळ केली नाही. विहिरीकडं जायचं तरी कडेवर ते लेकरू असायचं. दारातच लहानसा मांडव घातला, पुरणाचं जेवण घातलं, आणि जो तो म्हणाला की देवानं एका हातानं नेलं तरी दुसऱ्या हातानं दिलं. टाक तयारच होता. डोरल्यात ओवताना आत्यानं तो तांदळातून काढला, डोळ्यांना लावला, आणि "माझी गुणाची बाय" म्हणून हुंदका दिला.

संसार झाला. दाजींनी मला कधी दुखवलं नाही. मी टाकाला हळदकुंकू लावायची, नव्या लुगड्याची घडी आधी तिच्यापुढं ठेवायची. रीत म्हणून नाही. गावात माझ्या माणसांपैकी तेवढीच एक होती.

काही वर्षांनी माझं दुसरं बाळंतपण झालं. दिवस पुन्हा सुगीचे. मूल जगलं, पण मला थंडी भरून ताप आला. एकदा आला, मधला दिवस चांगला गेला, पुन्हा आला. मी गप्प राहिले. कुणाकडं काही मागायचं नाही, हे मी कधीच ठरवून टाकलं होतं. मागितल्यावर काय कानावर येतं ते मला पाठ होतं.

पण दुसऱ्यांदा माझे दात वाजलेले ऐकले आणि आत्या उठली. खळ्यावर जाऊन तिनं स्वतः दाजींच्या हातातले कासरे घेतले. मळणी अर्धी होती, कणसं उघड्यावर पडली होती, आभाळही आलेलं होतं. तिनं बैल सोडवले आणि गाडीला जुंपायला लावले. गाडीत कडब्याच्या पेंढ्या पसरून वर वाकळ घातली, म्हणजे मला हादरे बसू नयेत. तान्ह्याला, माझ्या पहिल्याला आणि अक्काच्या मुलाला लेकुरवाळ्या शेजारणीकडं दिलं आणि ती माझ्या उशाशी बसून मोमिनाबादपर्यंत आली. वाटभर माझ्या तोंडावर पदराची सावली धरून होती.

दवाखान्यात डॉक्टर मुसलमान होता, म्हातारा, मऊ बोलणारा. त्यानं नाडी बघायला हात मागितला तेव्हा मी लाजले, तर आत्यानंच माझं मनगट धरून त्याच्यापुढं केलं. त्यानं जीभ बघितली, लुगड्यावरूनच पोट दाबून बघितलं आणि पुडीतली ती कडू पांढरी पूड मला तिथंच प्यायला लावली. आम्ही धर्मशाळेत राहिलो. चौथ्या दिवशी थंडी भरलीच नाही. निघताना आत्या त्याच्या पाया पडायला वाकली तेव्हा तो मागं सरला आणि म्हणाला, अच्छा हुआ, वक्त पर ले आए.

आत्यानं डोळे पुसले. "आनू न्हाई तर काय करू, साहेब," ती म्हणाली, "घरात आता दुसरं कोन हाय?"